सिस्टर, लाइट गेली का?

तीस वर्षं मी कॅज्युअल्टीत सिस्टर होते. पावशेर खोपडी, म्हणजे हातभट्टीची दारू, पोटात घालून गटारात पडलेला माणूस रोजचाच; टाके घालायचे, सलाइन लावायचं, शिव्या ऐकायच्या. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्या गल्लीबोळांत शिरल्या आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची उस्तवार आमच्या गळ्यात आली.

जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू प्यालेले पेशंट मात्र शिव्या देत नव्हते. “सिस्टर, लाइट गेली का?” विचारत होते. दिवे तर लख्ख चालू होते! मिथेनॉलचं पोटात गेल्यावर फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांच्या नसा मारतं. पण सावकाश, कधी दिवसभराने. म्हणून आदल्या रात्री प्यालेले सगळे एकदमच आले. त्यात शुक्रवारी पावसाने लोकल बंद पाडल्या, बदलीच्या सिस्टर पोचेनात. उतारा काय, तर साधी दारूच: इथेनॉल मिथेनॉलची वाट अडवतं. नाहीतर डायलिसिस, यंत्रं मोजकी, रांग लांब. छातीत दुखणारे एक आजोबा त्या रात्री बाकावर ताटकळले, त्यांची मोजदाद कुणी केली नाही.

शंभराहून जास्त माणसं गेली. 2004 साली विक्रोळीतही अशाच विषारी दारूने माणसं गेली होती. 1949 चा कायदा नाव बदलून आजही लागू आहे.