बिनइंजिनाची होडी
इंडोनेशियाच्या दक्षिण टोकाला रोटे बेट आहे. बेटावर बहुसंख्य ख्रिश्चन, पण पूर्वेकडचे पापेला हे गाव मुस्लिम मच्छीमारांचे. या भागातले दर्यावर्दी पिढ्यानपिढ्या शिडाच्या होडीने ॲशमोरच्या प्रवाळ खडकांपर्यंत जात. तिथली समुद्रकाकडी वाळवून चिनी बाजारासाठी विकत. ब्रिटिशांनी हे खडक ऑस्ट्रेलियाला देऊन टाकले, मच्छीमारांना कोण विचारतो? १९७४ च्या करारात ठरावीक पट्ट्यात मासेमारीची मुभा मिळाली, पण होडी पारंपरिक, बिनइंजिनाची हवी. गस्ती नौकांना अर्थातच अशी अट नाही! १९८३ मध्ये ॲशमोर राखीव झाले. हद्द ओलांडताना सापडलेल्या कित्येक होड्या जाळल्या गेल्या, खलाशी तुरुंगात गेले. होडी अनेकदा उधारीची. ती जळाली तरी देणे उरतेच.