रविवारची सुट्टी कोणी दिली?

आज रविवार. चहाचा कप हाती घेऊन पुरवणी चाळण्याचा दिवस. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणी कामगाराला मात्र आठवड्याच्या हक्काच्या सुट्टीचा असा दिवस नव्हता.

१८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली; सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल मात्र तो काहीच बोलत नव्हता. १८८४ मध्ये 'दीनबंधू'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्या साध्याच होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जूनमध्ये गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

मग १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी बंधनकारक करण्याची गरज काय होती? मर्जीने दिलेली सुट्टी मर्जीने काढूनही घेता येते. शिवाय एकाने गिरणी बंद ठेवली आणि शेजारच्याने चालू ठेवली, तर तोटा भल्या मालकाचाच! या कायद्यामागे इथल्या स्वस्त कापडाची धास्ती घेतलेल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबावही होता, हे विसरून चालणार नाही. त्यांचा हेतू काहीही असो, कामगाराला सुट्टी मिळाली.

कायद्याच्या पुढे चालणारे उद्योजकही होते. टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. देशभरच्या कामगारांसाठी तसा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्येच आठ तासांचा दिवस आला. भला मालक वाट दाखवतो हे खरे. पण ज्यांचे मालक तसे नव्हते, त्यांच्यापर्यंत ती वाट कायद्यानेच पोहोचली.

२०१३ च्या कंपनी कायद्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे कलम १३५ मध्ये आले. सुरुवातीला खर्च न केल्यास कारण सांगितले की भागत असे. जानेवारी २०२१ पासून मात्र उरलेली रक्कम ठरवून दिलेल्या निधीत किंवा वेगळ्या खात्यात भरणे सक्तीचे झाले. त्याच वेळी नियमांत एक महत्त्वाची ओळ आली. दुसऱ्या एखाद्या कायद्याने जे करणे भागच आहे, ते या समाजकार्यात धरले जाणार नाही.

मला ही ओळ फार मोलाची वाटते. सांडपाणी शुद्ध करणे किंवा किमान वेतन देणे हे उपकार नव्हेत, ते देणे आहे. गावच्या शाळेवर कंपनीच्या नावाची पाटी दिसली तर कौतुक अवश्य करावे. मात्र कारखान्यामागच्या नाल्यातले पाणी कसे आहे, हेही एकदा पाहून यावे.