‘रीड’ या क्रियापदाने बदनाम केलेला राजा

इंग्लंडच्या राजांच्या यादीत एथेलरेड दुसरा याच्या नावापुढे आजही ‘द अनरेडी’ अशी उपाधी लावली जाते. अनरेडी म्हणजे तयारीत नसलेला, गाफील. शत्रू दाराशी आला तरी ज्याला जाग आली नाही असा राजा, हे त्याचे चित्र या एका शब्दाने पक्के केले. मूळ शब्दाचा तयारीशी मात्र काडीचाही संबंध नव्हता. त्याचे नाते होते ‘रीड’ या साध्या, रोजच्या वापरातल्या क्रियापदाशी.

प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद ‘रॅडन’ असे होते आणि त्याचा मुख्य अर्थ सल्ला देणे, मसलत करणे असा होता. स्वप्नाचा अर्थ लावणे आणि कोडे उलगडणे यांसाठीही तेच वापरत. लिहिलेला मजकूर वाचणे हा अर्थ त्यातूनच पुढे आला. ज्या समाजात अक्षरओळख मूठभरांना होती, तिथे पानावरची अक्षरे हेही एक कोडेच होते. स्वीडनमधील हिलर्शो येथील अकराव्या शतकातल्या प्रदीर्घ रून-शिलालेखाची सुरुवात याच क्रियापदाच्या नॉर्स रूपाने होते. तिथे ते आज्ञार्थी आहे: उलगड!

शेजारच्या भाषांनी वेगळी वाट धरली. जर्मनमधील ‘राटेन’ आजही सल्ला देणे आणि अंदाज बांधणे या जुन्या अर्थांनाच धरून आहे. नगरसभेच्या इमारतीला ‘राटहाउस’ म्हणतात, म्हणजे मसलतीचे घर. वाचण्यासाठी जर्मनांनी ‘लेझेन’ घेतले. त्याचा मूळ अर्थ वेचणे, म्हणूनच द्राक्षांच्या तोडणीला तिथे ‘वाइनलेझे’ हा शब्द आहे. लॅटिन ‘लेगेरे’चीही हीच कथा. मराठीतील ‘वाचणे’ तर ‘वाच्’ म्हणजे वाणीतून आलेले. कोणी अक्षरे वेचली, कोणी उच्चारली, इंग्रजांनी ती उलगडली. इंग्रजीत हात ‘रीड’ केला जातो आणि आपल्याकडे ज्योतिषी तो ‘पाहतो’, हा फरकही इथलाच.

‘रिडल’ हा कोड्याचा शब्द याच कुळातला. मूळ रूप ‘रॅडेल्स’. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा असावा अशा समजुतीने लोकांनी तो गाळून टाकला. एक्झेटरच्या कॅथेड्रलमध्ये जपलेल्या दहाव्या शतकातील हस्तलिखितात अशी नव्वदहून अधिक कोडी आहेत. त्यांतल्या एका कोड्यातला कीटक शब्दच्या शब्द खाऊन टाकतो आणि तरीही तसूभर शहाणा होत नाही. उत्तर अर्थातच पुस्तकातली कसर!

‘रॅड’ हे नाम सल्ला, शहाणपण या अर्थाने राजघराण्यातील नावांत वारंवार येते. आल्फ्रेड म्हणजे एल्फ या अद्भुत योनीकडून सल्ला लाभलेला. त्याचा खापरपणतू एथेलरेड, म्हणजे थोर मसलतीचा. त्याला कोणी तरी जोड दिली ‘उनरॅड’, म्हणजे कुमसलत. ‘सुमंत्र’ नावाच्या माणसाला ‘कुमंत्र’ म्हणावे, तसा हा प्रकार. या टोपणनावाची नोंद राजाच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळते. पण त्यातला शब्द समकालीनांच्या तोंडी होता. अँग्लो-सॅक्सन बखरीत १०११ सालच्या नोंदीत साऱ्या अनर्थाचे खापर ‘उनरॅड’वर, अर्थात चुकीच्या मसलतींवरच फोडले आहे.

हा आरोप समजून घेण्यासारखा आहे. ९७८ मध्ये सावत्र भावाच्या खुनानंतर एथेलरेड गादीवर आला, तेव्हा तो जेमतेम दहा-बारा वर्षांचा होता. ९९१ मध्ये माल्डनच्या पराभवानंतर डेन आक्रमकांना १०,००० पौंड खंडणी दिली गेली. ९९४ मध्ये आकडा १६,०००, १००२ मध्ये २४,००० आणि १०१२ मध्ये ४८,००० पौंडांवर गेला. त्याच्या नाण्यांचे साठे आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात अधिक सापडतात. एवढे चांदीचे नाणे पाडून ते वसूल करणारी यंत्रणा ज्याच्याकडे होती, त्याला आळशी किंवा गाफील म्हणता येत नाही. चुकत होता तो निर्णय.

सर्वांत भयंकर निर्णय १३ नोव्हेंबर १००२ चा. त्या दिवशी राज्यातील डेन लोकांची कत्तल करण्याचा हुकूम सुटला. ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवायला चर्चमध्ये शिरलेल्यांसह ते चर्चच पेटवण्यात आले. १००४ मध्ये त्याच चर्चला दिलेल्या सनदेत राजाने ही हकीकत पश्चात्तापाचा एक शब्दही न काढता नोंदवली आहे. हुकूम आपण आपल्या प्रमुख सरदारांच्या सल्ल्याने काढला, हेही त्यात आवर्जून सांगितले आहे. ‘रॅड’ घेतला गेला होता. तो असा होता.

पुढे ‘रॅड’चा सल्ला हा अर्थ लोकांच्या कानाला अनोळखी झाला. मग ‘उनरॅड’च्या जागी ‘अनरेडी’ ऐकू येऊ लागले. ‘रेडी’ हा वेगळ्याच मुळाचा शब्द. साम्य केवळ ध्वनीचे. या एका अपभ्रंशाने आरोपीच बदलला. जुन्या टोमण्यात राजाबरोबर त्याचा दरबारही पिंजऱ्यात उभा होता. नव्या उपाधीत राजा एकटा उरला आणि सल्लागार अलगद सुटले.

त्या सल्लागारांतला सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे मर्सियाचा एड्रिक स्ट्रेओना, राजाचा जावई. १०१५ मध्ये तो डेन राजपुत्र क्नूट याला जाऊन मिळाला. २३ एप्रिल १०१६ रोजी एथेलरेड लंडनमध्ये वारला. मग एड्रिक त्याच्या मुलाच्या, एडमंडच्या बाजूला परतला आणि त्याच वर्षी असंडूनच्या लढाईत ऐन वेळी पळाला. क्नूट राजा झाल्यावर मर्सिया एड्रिककडेच राहिले. १०१७ च्या नाताळात क्नूटने त्याला ठार करवले.