पन्हाळा ते पावनखिंड : भर पावसातली ही पदभ्रमंती नेमकी कशी असते?

जुलै महिना लागला की सोशल मीडियावर धुक्यातली पठारं, भगवे झेंडे आणि चिखलाने माखलेले बूट दिसायला लागतात. यातले बरेच व्हिडिओ एकाच वाटेवरचे असतात, ती म्हणजे पन्हाळा ते पावनखिंड. रील अर्ध्या मिनिटाची असली तरी प्रत्यक्षात दिवसाला आठ ते दहा तास पावसात चालावं लागतं, तेही पाठीवर सॅक घेऊन. ही वाट कशी आहे, लोक ती ऐन पावसातच का चालतात आणि त्या दिवसात खरी काळजी कशाची घ्यायची, ते समजून घेऊया.

थोडक्यात माहिती

- कुठून कुठे : पन्हाळगड ते पावनखिंड, काही गट पुढे विशाळगडापर्यंत (जि. कोल्हापूर)
- अंतर : कुठली वाट धरता त्यानुसार साधारण ५० ते ६० किलोमीटर
- कालावधी : बहुतेक गट दोन दिवस घेतात, काही तीन
- हंगाम : प्रामुख्याने जुलै
- कस कशाचा लागतो : उंच चढ मोजकेच; खरा कस लागतो तो अंतर, चिखल आणि ओढ्यांमुळे

पावसाळ्यातच का चालतात?

याचं उत्तर इतिहासात आहे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि छत्रपती शिवाजी महाराज गडावर अडकले होते. वेढा चार महिन्यांहून जास्त चालला. १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, महाराज निवडक मावळ्यांसह गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. परंपरेनुसार सोबत सुमारे ६०० बांदल मावळे होते आणि शत्रूला चकवण्यासाठी शिवा काशीद महाराजांच्या वेशात दुसऱ्या पालखीतून गेले. पाठलाग जवळ आल्यावर बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या साथीदारांनी घोडखिंड अडवून धरली आणि तिथेच प्राण दिले. तीच आजची पावनखिंड.

पाऊस, अंधार आणि चिखल यांमुळे पाठलाग अवघड झाला. पण निसटणाऱ्यांनाही तोच पाऊस आणि तोच चिखल तुडवावा लागला. म्हणून आजही दरवर्षी जुलैत अनेक संस्था आणि गट ही वाट चालतात.

जसजसं पुढे जावं, तसतसा पाऊस का वाढतो?

नकाशा पाहिला तर ही वाट पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य धारेकडे जाते. अरबी समुद्रावरून येणारे ढग आधी घाटमाथ्यावर रिते होतात, त्यामुळे पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो. कोल्हापूर शहरापेक्षा घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला कित्येक पट जास्त पाऊस पडतो. थोडक्यात, पन्हाळ्यावर भुरभुर असली म्हणून पुढे उघडीप मिळेल असं समजू नका. दुसऱ्या दिवशी तुम्ही जास्त दमलेले असता आणि नेमका तेव्हाच पाऊस जास्त असतो.

दिवस कसा जातो?

पहाटे पन्हाळ्यावरून उतरलं की थोड्याच वेळात मसाई पठार लागतं. जांभ्या दगडाचं हे पठार मैलोन्‌मैल पसरलं आहे. आडोसा जवळजवळ नाहीच, वारा सरळ अंगावर येतो आणि धुकं दाटलं की पंधरा-वीस पावलांपुढचा माणूस दिसत नाही. वाट चुकण्याची शक्यता इथे सर्वात जास्त असते.

पठार उतरल्यावर वाड्यावस्त्या सुरू होतात. खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी अशी नावं एकामागून एक येतात. मध्ये भातखाचरं, जंगलाचे पट्टे आणि ओढे. पहिल्या रात्रीचा मुक्काम बहुतेक वेळा अशाच एखाद्या वाडीत होतो. दुसऱ्या दिवशी जंगल दाट होतं, चिखल घोट्याच्या वर येतो आणि पांढरेपाणी गाठल्यावर पावनखिंड जवळ आल्याचं कळतं.

जुलैत इथे भाताची लावणी चालू असते. शंभर माणसं एका बांधावरून गेली तर बांध खचतो, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि शेतकऱ्याचं काम वाया जातं. म्हणून पायवाट सोडून बांधावरून चालू नका, वाट चिखलाची असली तरीही.

सर्वात मोठा धोका कोणता?

दरड किंवा साप ही उत्तरं लगेच सुचतात. पण या वाटेवर प्रत्येकाला गाठू शकणारा धोका साधा आहे : अंगातली ऊब कमी होणं.

तापमान २० अंशांच्या आसपास असतं, म्हणून थंडीचा विचार कुणी करत नाही. पण ओले कपडे कोरड्या कपड्यांपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतात, त्यात पठारावरचा वारा भर घालतो. चालत असेपर्यंत शरीर ऊब तयार करत राहतं. माणूस दमून थांबला आणि पोटात काही नसलं की गारठा चढायला लागतो. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

सोबत्यामध्ये ही लक्षणं दिसतात का, ते बघत राहा :

- सतत हुडहुडी भरणं
- बोटांनी चेन किंवा नाडी न लावता येणं
- बोलताना जीभ अडखळणं, चालताना तोल जाणं
- गप्प होणं, चिडचिड करणं, "मला इथेच बसू दे" असं म्हणणं

शेवटचं लक्षण बहुतेक जण थकवा म्हणून सोडून देतात. ज्याला गारठा चढतो त्याला स्वतःला ते कळत नाही. शेजारी चालणाऱ्यालाच ओळखावं लागतं. अशा वेळी आडोसा गाठा, ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका आणि शुद्धीत असेल तर गरम, गोड पेय द्या. हुडहुडी थांबली पण माणूस गुंगीत असेल तर प्रकृती सुधारली असं समजू नका. ते बिघडल्याचं लक्षण आहे, लगेच वैद्यकीय मदत मिळवा. दारूने ऊब येते हा गैरसमज आहे. तिच्यामुळे उष्णता आणखी वेगाने बाहेर पडते.

ओढा ओलांडताना

पाणी गढूळ असेल, आवाज मोठा असेल आणि तळ दिसत नसेल तर उतरू नका. गुडघाभर पाणीही वेग असेल तर माणसाला पाडतं. वरच्या बाजूला जोराची सर आली तर पाणी काही मिनिटांत चढतं आणि पाऊस थांबल्यावर बऱ्याचदा काही तासांत उतरतं. थांबणं हा इथे खरा पर्याय आहे. ओलांडायचंच झालं तर सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडल्यास सॅक टाकून देता येते. बूट काढू नका, काठी घ्या आणि स्थानिक माणूस सांगेल त्याच जागेवरून जा.

जळवा आणि चिखल

जळवांची भीती जास्त आणि धोका कमी. त्यांच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असतो, म्हणून जखम छोटी असूनही रक्त बराच वेळ वाहतं. चिकटलेली जळू ओढू नका, तिच्या तोंडाजवळ नख सरकवून सोडवा आणि जागा धुऊन काढा.

चिखलाकडे मात्र दुर्लक्ष नको. पायाला भेग किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. परतल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं असा त्रास झाला, तर आपण चिखलपाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

गटाने कसं चालावं?

- वाट माहीत असलेला एक जण पुढे आणि अनुभवी एक जण सर्वात शेवटी असावा. त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये.
- वेग सर्वात हळू चालणाऱ्याचा. पुढच्यांनी पठारावर उभं राहून वाट पाहण्यापेक्षा सगळ्यांनीच हळू चालावं, कारण थांबलेलं अंग लवकर गार पडतं.
- प्रत्येक फाट्यावर मागचा माणूस दिसेपर्यंत पुढे जाऊ नये.
- दर तासाला थोडं खावं. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, खजूर चालता चालता खाता येतात.

मुक्काम आणि एक कोरडा जोड

वाडीत शाळेत, देवळात किंवा कुणाच्या पडवीत जागा मिळते. ओल्या सॅक एका कोपऱ्यात ठेवा आणि उशिरा येणाऱ्यांसाठी जागा राखा. शेवटी पोहोचणारे सर्वात जास्त भिजलेले असतात. जेवणाचे आणि राहण्याचे पैसे आधीच ठरवून द्या. पावसाळ्यात जळण जपून वापरलं जातं, तेव्हा कपडे वाळवायला चूल पेटवून मागू नका.

तयारीतली सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे रात्रीचा कोरडा जोड. रेनकव्हर असलं तरी पाठीकडून पाणी आत जातं, म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि कपडे त्यात बांधा. सकाळी कितीही नकोसं वाटलं तरी ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. कोरडा जोड पावसात घातला तर दुसऱ्या रात्रीसाठी काहीच उरत नाही. चालताना सुती जीन्स टाळा, लवकर वाळणारे कपडे वापरा.

माघार कधी घ्यावी?

हवामान खात्याचा रेड अलर्ट असेल, ओढे उतरत नसतील किंवा गटात कुणाला गारठा चढला असेल, तर जवळच्या वाडीतून रस्ता गाठून परत फिरा. या वाटेवर मधूनमधून वस्ती असल्याने ते शक्य असतं. निघण्याआधी स्थानिक प्रशासनाचे निर्बंध, विशेषतः विशाळगडाबाबतचे, तपासून घ्या. पावनखिंड पुढच्या जुलैतही तिथेच असणार आहे.