कौतुकाची वाटणी

उन्हाळ्याच्या तोंडाशी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका वाडीत मी मोगरा पाहत उभी होते. "काकू, काय फुललाय हो यंदा!" असं मी म्हटलं. काकूंचे हात थांबले नाहीत. "कसचं काय! बावखलाला पाणी टिकलंय म्हणून बरं," त्या म्हणाल्या (बावखल म्हणजे वाडीतलं तळं) आणि ओंजळभर कळ्या खुडून, केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातावर ठेवल्या. त्या कळ्या एरवी दादरच्या फुलबाजारात गेल्या असत्या.

कौतुक कसं करावं आणि कसं स्वीकारावं, याचाही एक शास्त्रशुद्ध अभ्यास आहे. अनिता पोमेरान्त्झ यांनी 1978 मध्ये एक साधी अडचण नेमकी पकडली. कुणी आपली स्तुती केली की दोन ओढी एकदम लागतात: समोरच्याचं म्हणणं मोडू नये ही एक आणि स्वतःची स्तुती स्वतः करू नये ही दुसरी. माणसं या दोहोंच्या मधून वाट काढतात. 1983 मध्ये जेफ्री लीच यांनी विनयाचे नियम मांडले. त्याआधी 1981 मध्ये मेन्स आणि वुल्फसन यांनी दाखवून दिलं होतं, की अमेरिकी इंग्रजीतली सुमारे 85 टक्के कौतुकं अवघ्या तीन वाक्यरचनांत बसतात.

या मांडणीचं ऋण मान्य करूनही माझी एक तक्रार आहे. तिच्या रकान्यांत काकूंचं उत्तर फार तर 'श्रेय दुसरीकडे वळवणं' म्हणून नोंदलं जाईल. पण काकू तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. श्रेय त्यांनी बावखलाला दिलं आणि फुलं मला दिली. कौतुक एकटीच्या पदरात राहू द्यायचं नाही, त्याची वाटणी करायची, ही यातली रीत आहे.

जपानी भाषेशी इथे आपली ओळख चटकन पटते. तिथे कुणी 'छान बोलता' म्हटलं, तर 'मादामादा', म्हणजे अजून पुष्कळ बाकी आहे, असं उत्तर येतं. 'ओकागेसामा दे' या शब्दांत 'सावली' दडलेली आहे. तुमच्या छायेत सगळं बरं चाललंय, असा त्याचा भाव. 'सुमीमासेन' हा शब्द माफीसाठीही चालतो आणि आभारासाठीही, कारण त्याच्या मुळाशी हिशेब मिटलेला नाही ही भावना आहे. आपल्या 'आभारा'तही भार आहेच. गोव्यात कोंकणी माणूस 'देव बरें करूं' म्हणतो आणि उपकार फेडण्याचं काम थेट देवावर सोपवतो.

थोरांचं कौतुक हा तर खास नाजूक भाग. जपानात वरिष्ठाला 'तुम्ही हे छान करता' असं म्हणणं अनेकदा उद्धट ठरतं, कारण त्यात आपण त्याची परीक्षा घेतल्यासारखं होतं. त्याऐवजी 'मला शिकायला मिळालं' असं म्हणतात. आपल्याकडे कीर्तन संपल्यावर तरुण पोरगा बुवांना गुण देत बसत नाही, वाकून नमस्कार करतो. त्या नमस्कारात सगळं कौतुक येतं.

लहानांच्या बाबतीत भीती वेगळी: दृष्टीची. गोंडस बाळाकडे पाहून कुणी हरखलं की आजीचं बोट काजळाच्या डबीकडे वळतं. आणि मोठ्यांच्या स्वयंपाकाला दाद देताना आपण 'नावं ठेवायला जागा नाही' म्हणतो. स्तुतीसाठी निंदेचाच शब्द घेऊन तो पुसतो. यजमानीण 'साधंच केलंय, गोड मानून घ्या' म्हणते, तेव्हा खरी दाद शब्दांत नसतेच, पाहुण्याने पुन्हा पुढे केलेल्या वाटीत असते.

वसई-विरार या अभ्यासाला मोठी संपन्न भूमी आहे. सामवेदी समाजाची कादोडी, वाडवळी, कोळ्यांची आणि वारल्यांची बोली, शिवाय गुजराती, हिंदी, भोजपुरी हे सगळं दोन-चार स्थानकांच्या अंतरात ऐकू येतं. विरार लोकलच्या महिला डब्यात नवी साडी पाहून एकीने 'किती सुंदर!' म्हटलं, तर दुसरी 'अगं, सेलमधली आहे' म्हणते आणि तिसरी मोकळेपणी 'थँक्यू' म्हणते. त्या 'थँक्यू'ला उद्धटपणा समजण्याची घाई करू नका. तिचा पुढचा शब्द, तिचं हसणं, सरकून दिलेली जागा, तेही टिपा.

वही घेऊन बसाल तेव्हा माणसं काय म्हणाली तेवढंच लिहून थांबू नका. म्हणताना त्यांचे हात काय करत होते, तेही लिहा. काकूंच्या कळ्या मी घरी आणल्या, तेव्हा त्या पानात एक जास्तीची पुडी निघाली. शेजारणीला द्या, असं त्यांनी मी निघताना का सांगितलं होतं, ते तेव्हा कळलं.