६०६ : दोन वर्षे फळीवर पडून राहिलेले औषध

चिकाटीचे महत्त्व सांगताना आपण शिक्षक मंडळी एक गोष्ट हमखास सांगतो. पाउल एर्लिक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकामागून एक सहाशे पाच रसायने तयार केली, ती सगळी वाया गेली, पण त्याने धीर सोडला नाही आणि सहाशे सहाव्या रसायनाने त्याला यश दिले. गोष्ट सांगायला सोपी आहे, मुलांना आवडते आणि फळ्यावर ६०६ हा आकडा लिहिला की लक्षातही राहते. आम्हीही ती अनेकदा सांगितली आहे. अडचण एवढीच की ती तशी घडली नाही. सहाशे सहावे संयुग १९०७ साली तयार झाले, तपासले गेले, निरुपयोगी ठरवले गेले आणि दोन वर्षे फळीवर पडून राहिले. १९०९ साली तेच संयुग पुन्हा तपासले, तेव्हा ते औषध ठरले. संयुग बदलले नव्हते. बदलली होती तपासणी. नव्या औषधांच्या इतिहासात हे एकदाच घडलेले नाही, म्हणून ही हकीकत जरा सविस्तर पाहू.

एर्लिकला (१८५४-१९१५) विद्यार्थिदशेपासून रंगांचे वेड होते. त्या काळी जर्मनीत दगडी कोळशाच्या डांबरापासून नवनवी रंगद्रव्ये बनत होती. काही रंग ठरावीक पेशींनाच चढतात, शेजारच्या पेशींना नाही, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मग रोगजंतूलाच धरील आणि रोग्याच्या शरीराला सोडून देईल असे रसायन का मिळू नये? १८९१ साली त्याने मिथिलीन ब्लू हा रंग हिवतापाच्या दोन रुग्णांना देऊन पाहिला. दोघांनाही उतार पडला. पण काम पुढे सरकेना. माणसाचा हिवताप उंदराला होत नाही; आणि प्रयोगशाळेत रोगी प्राणी नसेल तर शेकडो रसायने तपासायची कशावर?

ही उणीव ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवींनी भरून काढली. आफ्रिकेतील निद्रारोग, घोड्यांना होणारे काही आजार त्यांच्यामुळे होतात. ते पांढऱ्या उंदरात वाढतात, आणि उंदराच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला की वळवळताना दिसतात. औषध लागू पडले की नाही, हे पाहायला याहून सोयीचे काय हवे! १९०४ साली एर्लिक आणि त्याचा जपानी सहकारी कियोशी शिगा यांनी शंभराहून अधिक रंग तपासून ‘ट्रिपॅन रेड’ हा रंग शोधला. घोड्यांच्या एका रोगाचे ट्रिपॅनोसोम टोचलेले उंदीर त्याने बरे होत. दुसऱ्या जातीचे ट्रिपॅनोसोम टोचले की मात्र त्याचा फारसा उपयोग होत नसे.

याच सुमारास त्यांच्या हातून एक चूक झाली. अ‍ॅटॉक्सिल नावाचे आर्सेनिकचे एक संयुग फ्रान्समध्ये बेशाँ याने पूर्वीच बनवले होते. एर्लिक आणि शिगा यांनी ते परीक्षानळीत ट्रिपॅनोसोमांवर घालून पाहिले. परजीवी मजेत पोहत राहिले. संयुग टाकून दिले. १९०५ साली लिव्हरपूलमध्ये थॉमस आणि ब्राइनल यांनी तेच अ‍ॅटॉक्सिल रोगी प्राण्यांना टोचले, तर परजीवी नाहीसे झाले! नळीत निष्क्रिय असलेले रसायन शरीरात सक्रिय होते. याचे कारण एर्लिकनेच पुढे शोधले. अ‍ॅटॉक्सिलमधील आर्सेनिक पाच संयुजांचे असते. शरीरात त्याचे क्षपण होऊन ते तीन संयुजांचे होते, आणि परजीवींना मारते ते हे दुसरे रूप.

या औषधाची दुसरी बाजू भयंकर होती. १९०६-०७ मध्ये रॉबर्ट कॉखने व्हिक्टोरिया सरोवरातील बेटांवर निद्रारोगाच्या रुग्णांना ते दिले. मात्रा वाढवल्यावर विसाहून अधिक रुग्णांची दृष्टी कायमची गेली. अ‍ॅटॉक्सिल या नावाचा अर्थ ‘विषारी नसलेले’ असा आहे. ज्यांच्यावर ही मात्रा ठरली ती वसाहतीतली गरीब आफ्रिकन माणसे होती, हेही वर्गात सांगायला हवे असे आम्हांला वाटते.

परजीवी मरावेत, डोळे वाचावेत, यासाठी रेणूत कुठे बदल करायचा हे कळायला रेणूची रचना ठाऊक हवी. १९०७ मध्ये एर्लिक आणि त्याचा रसायनज्ञ अल्फ्रेड बर्टहाइम यांनी अ‍ॅटॉक्सिलची तोवर मान्य असलेली रचना चुकीची असल्याचे दाखवले. खऱ्या रचनेत अमिनो गट मोकळा होता. म्हणजे त्या जागी फेरफार करून शेकडो संयुगे बनवता येणार होती. फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत ती बनू लागली. प्रत्येकाचा क्रमांक लिहायचा, उंदराला टोचायचे, आणि दोन आकडे काढायचे : रोग बरा करणारी सर्वांत लहान मात्रा आणि प्राण्याला सोसणारी सर्वांत मोठी मात्रा. या दोन आकड्यांत जितके अंतर अधिक, तितके औषध चांगले. आजही नव्या औषधाला पहिल्यांदा हाच हिशोब द्यावा लागतो.

या रांगेतच ६०६ होते. ट्रिपॅनोसोमांवरच्या तपासणीत ते लक्षवेधी ठरले नाही आणि मागे पडले. दरम्यान, १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचा जंतू सापडला होता. सापडला तो मळसूत्रासारखा नागमोडी. दिसायला आणि वागायला तो ट्रिपॅनोसोमांच्या जवळचा असावा, असा तेव्हा काहींचा समज झाला. हा समज चुकीचा होता. तो जंतू जीवाणू आहे, ट्रिपॅनोसोम नव्हे. पण या चुकीच्या समजुतीमुळे आर्सेनिकची संयुगे उपदंशावर तपासावीत ही कल्पना बळावली. विज्ञानात असे दैव कधीकधी मदतीला येते.

१९०९ साली तोक्योहून साहाचिरो हाता फ्रँकफर्टला आला. सशांना उपदंशाची लागण कशी करायची, हे त्याला चांगले अवगत होते. एर्लिकने त्याला फळीवरची जुनी संयुगे पुन्हा तपासायला सांगितली, निरुपयोगी ठरलेलीसुद्धा. ऑगस्टच्या अखेरीस हाताने व्रण असलेल्या सशाला ६०६ टोचले. दुसऱ्या दिवशी व्रणातील स्रावात एकही जिवंत जंतू दिसेना. काही आठवड्यांत व्रण भरून आले. १९१० साली ते ‘साल्वर्सान’ या नावाने बाजारात आले. तोवर उपदंशाला पाऱ्याखेरीज औषध नव्हते, आणि पाऱ्याने रोग्याचे दात व हिरड्या जात.

तेव्हा चिकाटीची गोष्ट सांगायचीच असेल तर ती हाताची सांगावी. ससा पकडायचा, टोचायचा, स्राव काढायचा, मोजायचे आणि वहीत लिहायचे. दुसऱ्याने नापास केलेल्या शेकडो बाटल्यांसाठी हेच पुन्हापुन्हा करायचे. शाळेच्या पुस्तकात त्याचे नाव क्वचितच असते.

साल्वर्साननंतर जर्मन रंग कारखान्यांनी ही पद्धत उचलली. निद्रारोग आणि हिवताप या परजीवी रोगांवर नवी औषधे मिळाली. पण घशातून रक्तात शिरणाऱ्या, बाळंतिणींचा बळी घेणाऱ्या स्ट्रेप्टोकोकससारख्या साध्या जीवाणूंवर काही चालेना. ते रसायनाला दाद देणारच नाहीत, असे बहुतेक वैद्यक मंडळींचे मत बनले होते.

एल्बरफेल्ड येथील बायरच्या प्रयोगशाळेत गेरहार्ट डोमाक १९२७ साली रुजू झाला. फ्रिट्झ मीच आणि योझेफ क्लारर हे दोघे रसायनज्ञ रंग बनवत, डोमाक ते तपासत असे. अ‍ॅटॉक्सिलचा धडा त्याला ठाऊक होता. म्हणून परीक्षानळीवर न विसंबता त्याने उंदराला प्राणघातक प्रमाणात स्ट्रेप्टोकोकस टोचायचे ठरवले. डिसेंबर १९३२ मध्ये २६ उंदरांना जंतू टोचले. त्यांपैकी १२ उंदरांना एक तांबडा रंग दिला, १४ उंदरांना काहीच दिले नाही. चौदाही मेले. बारा जगले. या रंगाचे नाव पुढे ‘प्रोन्टोसिल’ झाले. परीक्षानळीत मात्र तो जंतूंना काहीही करत नव्हता. डोमाकने नळीवर भरवसा ठेवला असता, तर प्रोन्टोसिलही फळीवरच गेले असते.

निकाल प्रसिद्ध झाला फेब्रुवारी १९३५ मध्ये. पुढल्याच वर्षी लंडनमध्ये लिओनार्ड कोलब्रुकने बाळंतज्वराच्या ३८ स्त्रियांना ते दिले. त्यांतील ३ दगावल्या. त्याआधी त्याच रुग्णालयात या तापाने साधारण चारातील एक स्त्री जात असे.

पण नळीत निष्क्रिय आणि उंदरात सक्रिय, हे कसे? उत्तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिळाले. एर्नेस्त फुर्नोच्या प्रयोगशाळेत जाक आणि तेरेझ त्रेफुएल, फेदेरिको नित्ती आणि डानिएल बोव्हे हे प्रोन्टोसिलसारखे रंग तपासत होते. १९३५ च्या नोव्हेंबरात एका प्रयोगात उंदरांचा एक गट शिल्लक राहिला. या सर्व रंगांच्या रेणूत समान असलेला तुकडा, सल्फानिलमाइड, त्यांना दिला. तो बिनरंगी होता. रंगवाल्यांच्या दृष्टीने रद्दीच. उंदीर वाचले. शरीर प्रोन्टोसिलचा रेणू मधोमध तोडते आणि औषध असतो तो हा तुकडा. रंगाचा त्यात काहीही भाग नव्हता! एर्लिकपासून चाळीस वर्षे ज्या कल्पनेने वाट दाखवली, तीच इथे गैरलागू ठरली.

सल्फानिलमाइड व्हिएन्नाच्या पाउल गेल्मोने १९०८ सालीच तयार केले होते. म्हणजे साल्वर्सानच्या आधी. त्याचे पेटंट संपलेले होते आणि ते कोणीही बनवू शकत होता. मधल्या सत्तावीस वर्षांत बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रिया मोजायच्या म्हटल्या तर मन उदास होते.

सर्वांना बनवता येणारे हे रसायन १९३७ साली एका अमेरिकी कंपनीने गोड द्रवात विरघळवून विकले. विद्रावक होता डायएथिलीन ग्लायकॉल, विषारी. तो प्राण्यांवर तपासलाच नव्हता. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत अनेक लहान मुले होती. विकण्यापूर्वी सुरक्षितता सिद्ध करा, असा अमेरिकेचा १९३८ चा कायदा त्यातून आला.

आपल्याकडेही ही लाट लवकर पोहोचली. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत साहिब सिंग सोखी संचालक असताना सल्फा गटातील संयुगे प्लेगवर तपासली गेली, आणि १९४० साली सोखी व दीक्षित यांनी सल्फाथायाझोल या औषधाबद्दल लिहिले. स्ट्रेप्टोमायसिन यायच्या आधीची ही गोष्ट.

राहता राहिली ६०६ ची रचना. जुन्या पुस्तकांत दोन आर्सेनिक अणूंमध्ये दुहेरी बंध दाखवलेला आढळतो. एर्लिकने तसे मानले होते. २००५ साली न्यूझीलंडमधील रसायनज्ञांनी तपासून दाखवले की साल्वर्सानमध्ये दुहेरी बंध नसतो. त्यात आर्सेनिकची कडी असलेल्या रेणूंचे मिश्रण असते, काही तीन अणूंच्या कड्यांचे, काही पाच अणूंच्या. म्हणजे ज्या औषधाने पेनिसिलीन येईपर्यंत जगभर उपदंश बरा केला, त्याच्या रेणूचे खरे रूप ते बाजारात आल्यानंतर पंचाण्णव वर्षांनी समजले. शाळेच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राचे एखादे जुने पुस्तक असेल तर मुलांना ते सूत्र काढून दाखवावे.