जाहिरातीचा नकळत प्रभाव (बुलढाणा जिल्हा : कपाशीचे बियाणे)

जाहिरात पाहिल्याचे आठवत नसतानाही तिने ग्राहकाच्या निवडीला दिलेले वळण म्हणजे जाहिरातीचा नकळत प्रभाव. ग्राहकाला विचारले, तर तो किंमत, दर्जा किंवा अनुभव हेच कारण सांगतो आणि मनापासून सांगतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की अर्थहीन शब्द किंवा अनोळखी चेहरे पुन्हापुन्हा नजरेखाली गेले, तर केवळ त्यामुळेच ते आवडू लागतात. जेम्स व्हिकरीची १९५७ ची गोष्ट मात्र यात धरू नये. चित्रपटाच्या पडद्यावर डोळ्यांना न कळेल इतका वेळ संदेश झळकवून शीतपेय आणि पॉपकॉर्नचा खप वाढवल्याचा दावा त्याने केला होता. पाच वर्षांनी त्यानेच त्यातली हवा काढून घेतली. प्रभावी जाहिरात लपवावी लागत नाही. ती भिंतीवर उघडी रंगवलेली असते आणि नेहमीची म्हणून तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो बियाण्याच्या खरेदीत. खामगाव ही १८७० मध्ये रेल्वेने जोडली गेलेली कापसाची जुनी बाजारपेठ; आता जिल्ह्यात सोयाबीनचेही मोठे क्षेत्र आहे. या दोन पिकांतला फरक महत्त्वाचा. सोयाबीनचे घरचे बियाणे राखता येते. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले आणि सत्तर उगवले, की बियाणे पेरणीला चालते, हे शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. संकरित कपाशीत ती सोय नाही. बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. पाकीट फोडून सरकी कितीही निरखली, तरी बोंडे किती लागतील हे कळत नाही. कळते तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या कपाशीला, केंद्राची परवानगी मिळाली. पुढे तेच जनुक अनेक कंपन्यांनी आपापल्या संकरांत घालून वेगवेगळ्या नावांनी विकले. डिसेंबर २०१५ च्या दर नियंत्रण आदेशानंतर कमाल किंमतही केंद्र सरकार ठरवू लागले. २०२४ च्या खरिपात बोलगार्ड-२ या बीटी प्रकाराच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ती ८६४ रुपये होती, मग कंपनी कोणतीही असो. संकरांत फरक असतो, पण तो दुकानाच्या फळीवर दिसत नाही. जनुक तेच, भाव तोच; उरले नाव, पाकिटाचा रंग आणि त्यावरचे बोंडांनी लगडलेल्या झाडाचे चित्र.

पाडव्यापासून मृगापर्यंत ही नावे एसटी स्टँडजवळच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, टोप्यांवर आणि कृषी सेवा केंद्राच्या पिशव्यांवर झळकतात. भोंगा लावलेली गाडी गावातून फिरते. कंपनीचा माणूस एखाद्या शेतकऱ्याच्या चांगल्या पिकावर ‘प्लॉट’ दाखवायला लोक जमवतो. तिथले जेवण लक्षात राहते, त्या रानाला किती पाणी आणि खत मिळाले हे कोणी विचारत नाही. नंतर काउंटरवर शब्द येतात : “थे हिरव्या पाकिटातलं द्या, भाऊ.” या निवडीला शेतकरी जाहिरातीचे नाव देत नाही, ‘सगळ्यांनी तेच लावलं’ म्हणतो. मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन डेव्हिस स्टोन यांना तेलंगणातील वरंगळ भागात, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हेच आढळले : वाणांची गावोगाव लाट येते आणि ओसरते, पण पिकाच्या गुणांशी तिचा मेळ बसत नाही. जाहिरात शेजाऱ्याच्या तोंडून आली, की ती सल्ला ठरते. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोल्यात एका ठराविक वाणासाठी भर उन्हात रांगा लागल्या. ‘विशिष्ट वाणाचाच आग्रह धरू नये’ हे कृषी विभागाचे आवाहन तर दर खरिपात निघते.

विश्वास उसना घेण्याचे आणखी दोन मार्ग विदर्भाने पाहिले. सुरुवातीच्या काळात अभिनेते नाना पाटेकर बीटी कपाशीच्या प्रचारात होते. दुसरा मार्ग बातमीचा. यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव येथील बीटीच्या यशाचा वृत्तान्त ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी छापला, तोच मजकूर २८ ऑगस्ट २०११ रोजी जाहिरात म्हणून पुन्हा आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये ‘द हिंदू’त हे उघड केले. जाहिरात वाचताना वाचक थोडा तरी सावध असतो, बातमी वाचताना नसतो. बीटीचा सगळा प्रसार जाहिरातीने झाला असे मात्र म्हणता येणार नाही. पहिली काही वर्षे बोंडअळीवरची फवारणी खरोखर कमी झाली होती. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशी पोखरली, तेव्हा ते दिवस सरले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२ मध्ये निघालेली मार्गदर्शक तत्त्वे दिशाभूल करणाऱ्या आणि छुप्या जाहिरातींना मनाई करतात. पण ती दाव्याची तपासणी करतात. रंगवलेल्या भिंतीवरचे नुसते नाव आणि बोंडाचे चित्र हा दावा ठरत नाही. त्यामुळे प्रभावाचा सर्वांत मोठा भाग कायद्याच्या बाहेरच राहतो.